युरेल पास घ्यावा का? मालवणच्या खानावळवालीचा हिशोब

आम्ही दोघांनी युरोपातल्या रेल्वेचा पाच दिवसांचा युरेल पास घेतला होता. त्यातले तीन दिवस पैसे पुरेपूर वसूल झाले, दोन दिवस पाण्यात गेले. ते दोन्ही दिवस समुद्राकाठचे होते. पुढच्या उन्हाळ्यात कोणी जोडीने जाणार असेल तर त्यांचे पैसे वाचावेत, म्हणून सगळं नीट लिहून ठेवते आहे.

मालवणात आमची खानावळ आहे, वर पाहुण्यांसाठी चार खोल्या. तुम्ही मे महिन्यात फिरायला निघता तेव्हा आम्ही चुलीपुढे असतो. मेच्या अखेरीस किल्ल्याच्या होड्या बंद होतात, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढून माडाच्या विणलेल्या झापांनी शाकारल्या की आमच्याकडेही शांतता होते. आमची सुट्टी ती तेव्हाच. लेक गेली चार वर्षं मागे लागली होती, शेवटी गेल्या जूनमध्ये वीस दिवस निघालो: लिस्बन, इटलीचा लिगुरियाचा किनारा, व्हेनिस, म्युनिक, हॅम्बर्ग. यांची एकच अट होती, टूर कंपनीबरोबर जायचं नाही. सकाळी सहाला नाश्ता आणि सातला बस, हे आमच्या पाहुण्यांचं आम्ही इतकी वर्षं बघत आलोय.

पास म्हणजे काय ते आधी सांगते. युरोपाबाहेरच्यांसाठी युरेल, तिथे राहणाऱ्यांसाठी इंटररेल. एका पासावर ३३ देशांतली रेल्वे. आमचा होता एका महिन्यातले कुठलेही पाच दिवस, दुसरा वर्ग, माणशी तीनशे युरोच्या थोडा वर. यांना ६३ पूर्ण, म्हणून साठीच्या पुढच्यांची १० टक्के सूट मिळाली. मी ५८ ची, मला पूर्ण पैसे. पास मोबाईलमध्येच येतो. प्रवासाच्या दिवशी ॲपमध्ये तो दिवस चालू करायचा, कुठली गाडी ते टाकायचं, की टीसीला दाखवायचा चौकोनी कोड तयार होतो. मग त्या मध्यरात्रीपर्यंत कितीही गाड्या बदला. मात्र हे सगळं गाडीत चढण्याआधी करायचं. बसल्यावर करू म्हणाल तर नियमाने तुम्ही विनातिकीट.

ज्या एजंटाकडे आम्ही पहिल्यांदा चौकशी केली त्याने छातीठोक सांगितलं होतं की पासात मेट्रो, ट्राम, बोटी सगळं आलं. तसं नाही. शहरातल्या मेट्रोचं, ट्रामचं, व्हेनिसच्या बोटींचं तिकीट वेगळं काढावं लागतं. शिवाय इटली, फ्रान्स, स्पेनमधल्या वेगवान गाड्यांत पास असूनही जागा राखून ठेवावी लागते आणि त्याचे पैसे वरून द्यावे लागतात. जर्मनीत देशातल्या देशात धावणाऱ्या वेगवान गाड्यांना ती सक्ती नाही. पास दाखवा आणि बसा. एवढी एक गोष्ट आम्हाला घरून निघताना कोणी सांगितली असती तर दोन दिवस वाचले असते.

लिस्बनला पास चालूच केला नाही. तिथून माद्रिदला थेट रेल्वे नाही, रात्रीची एक गाडी होती ती २०२० पासून बंद आहे. तेव्हा पुढे जायला विमानच घ्यावं लागलं. पण लिस्बनबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही.

१२ जूनची रात्र तिथे संत अंतोनियोच्या सणाची. अल्फामा म्हणून जुनी वस्ती आहे, चढ-उताराच्या गल्ल्या, दोन माणसं जेमतेम बाजूबाजूने जातील एवढ्या. त्या रात्री प्रत्येक दारासमोर निखारे आणि त्यावर सार्डिन. सार्डिन म्हणजे आपल्या तारल्या-पेडव्यांची युरोपातली भावंडं. मी तीस वर्षं मासे तळते आहे, आणि तारल्यांना तिखट आणि आगळ, म्हणजे कोकमाचा रस, लावल्याशिवाय तो मासा तोंडात घालता येत नाही असंच मानत आले. तिथे मसाला नाही. पोटही साफ करत नाहीत. अख्खा मासा, वर जाडं मीठ, आणि निखारा. जून ते ऑगस्ट तो चरबीने भरलेला असतो, ती चरबी गळून निखाऱ्यावर पडते आणि धूर होतो. शिजलेला मासा पावाच्या जाड कापावर ठेवून हातात देतात. बोटांनी साल ओढायची, एका बाजूचं मांस उचलायचं, काटा सरळ वर काढायचा, मग दुसरी बाजू. खाली तो पाव त्या रसात भिजत राहतो आणि शेवटी तो खायचा. त्या पावासाठी तरी तुम्ही लिस्बनला जून महिन्यातच जा. यांनी नऊ खाल्ले. मी मोजत होते.

पाव हा शब्दही त्यांच्याकडूनच आपल्याकडे आला. चावी, बालदी, काजू, बटाटा, सगळे तिथले. आणि लिलाव. आमच्या जेटीवर ज्या शब्दाशिवाय एक टोपली हलत नाही, तो शब्द.

त्या सणात खिडक्याखिडक्यांत छोट्या कुंड्या असतात, त्यात कागदाचं फूल आणि चार ओळींची कविता खोवलेली. झाड गोल, बारीक पानांचं. मी सवयीने वाकून वास घ्यायला गेले तर दुकानातल्या बाईने माझा हात धरला, तळवा झाडावरून हलकेच फिरवला आणि मग माझ्याच नाकाशी नेला. नाक थेट लावलं तर झाड कोमेजतं, अशी तिथे समजूत आहे. तुळशीच्याच कुळातलं झाड ते. वास ओळखीचा, थोडा सब्जासारखा. मला घरच्या वृंदावनाची फार आठवण झाली.

लिस्बनहून बसने दोन तासांच्या आत नाझरे लागतं. हिवाळ्यात जगातल्या सगळ्यात उंच लाटा तिथे येतात म्हणून ते गाव प्रसिद्ध आहे. जूनमध्ये समुद्र साधाच असतो. आम्ही गेलो सुक्या माशांसाठी. किनाऱ्यावरच्या वाळूत कमरेएवढ्या उंचीच्या लाकडी चौकटी ओळीने मांडलेल्या, त्यांना जाळं ताणलेलं, आणि त्यावर चिरून उघडलेले, मिठाच्या पाण्यातून काढलेले मासे. जास्त करून कारापाव, आपल्या बांगड्याच्या चणीचा मासा. मला ती चौकट फार आवडली. आम्ही अंगणात झापांवर घालतो, मग वाळू, मुंग्या, मांजरं, आणि दर तासाला उलटवणं. तिथे जाळ्याखालूनही वारा लागतो. मी बाजूला उभी राहून माप घेतलं: रुंदी माझे दोन हात, उंची माझ्या कमरेला.

त्या गावातल्या म्हाताऱ्या बायका अजून जुना वेष करतात, एकावर एक घागरे, सात असतात असं म्हणतात. त्या रस्त्याकडेला खुर्ची टाकून बसतात, हातात ‘खोल्या’ अशी तीन-चार भाषांतली पाटी. मी त्यांच्यापैकी एकीकडे रात्र काढायची ठरवली. बोटांनी भाव केला. खोलीत पांढरी धुतलेली चादर, खिडकीत सुकत घातलेला टॉवेल, आणि सकाळी विचारल्याशिवाय आणून ठेवलेली कॉफी, पाव, चीज. निघताना मी तिला माझ्या खानावळीचा फोटो दाखवला, मग माझ्याकडे आणि तिच्याकडे बोट केलं. तिने माझे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

आता पासाकडे येते. फ्रान्समधल्या नीसपर्यंत विमान, आणि दुसऱ्या दिवशी पासाचा पहिला दिवस: नीस ते व्हेंतिमिल्या, तिथून जेनोआ, जेनोआहून लेवांतो. हा वाया गेलेला पहिला दिवस. या पट्ट्यातल्या लोकल गाड्यांची तिकिटं स्वस्त आहेत. सगळी सुटी काढली असती तर पासाच्या एका दिवसाची जेवढी किंमत पडते, तिच्या निम्म्याच्या आसपास काम झालं असतं. प्रवास मात्र सुंदर. डोंगर थेट समुद्रात उतरलेला, म्हणून बोगद्यामागून बोगदा. अंधार, मग डोळे दिपवणारा निळा तुकडा, की पुन्हा अंधार. कोकण रेल्वेने ९० हून जास्त बोगदे पाहिलेल्या माणसाला हा खेळ नवा नाही, पण आपल्या गाडीतून समुद्र दिसत नाही ही आमची जुनी खंत आहे. ती त्या दिवशी भागली.

लेवांतोला पाच रात्री राहिलो. तिथून चिंक्वे तेरे, म्हणजे मोन्तेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला, रिओमाज्जोरे ही पाच गावं, गाडीने काही मिनिटांच्या अंतरावर. इथे युरेल पास चुकूनही चालू करू नका. पाच मिनिटांच्या प्रवासासाठी एक अख्खा दिवस खर्ची पडतो. त्या गावांचं स्वतःचं रेल्वेचं दिवसाचं कार्ड मिळतं, त्यात पायवाटाही येतात. दर सीझन आणि गर्दीप्रमाणे बदलतो. ज्या दिवशी एकाच गावाला जायचं त्या दिवशी साधं तिकीट काढा. कागदी तिकीट असेल तर फलाटावरच्या मशिनमध्ये शिक्का मारून मगच चढा.

या गावांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, रंगीत घरं आणि खाली बंदर. खरी कमाई घरांच्या मागे, डोंगरावर आहे. अख्खा डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी बांधलाय, द्राक्षं आणि लिंबासाठी, आणि प्रत्येक पायरीला दगडांची भिंत. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड. हे थांबले, दोन दगडांच्या फटीत बोटं घातली आणि म्हणाले, “अगो, ह्यो आपलोच गडगो मा!” गडगाच होता. आमच्या बागेच्या कडेने यांच्या आजोबांनी रचलेला जांभ्याचा गडगा आहे, तसाच. थोड्या अंतरावर एक म्हातारे गृहस्थ कोसळलेला भाग परत रचत होते. हे तिथे जाऊन बसले. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. त्यांनी मोठा दगड बसवला, तो हलला. यांनी खालून बारीक चिप काढून पुढे केली. त्यांनी ती घेतली, उलटी केली, आत सरकवली आणि दगडावर मूठ आपटली. हलला नाही. मग अर्धा तास दोघं काम करत होते आणि मी लिंबाच्या सावलीत बसून होते.

ही गावं १९९७ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. चुन्याशिवाय दगड रचण्याची ही कलाही २०१८ मध्ये युनेस्कोने इटली, क्रोएशिया, ग्रीस अशा आठ देशांच्या नावावर वारसा म्हणून नोंदवली. शेती सुटली की गडगा ढासळतो, आणि गडगा ढासळला की पावसात डोंगर खाली येतो. २०११ च्या ऑक्टोबरात वेर्नात्सा आणि मोन्तेरोस्सोत पुराने चिखल-दगड घरांत शिरले होते. आमच्या आजूबाजूला बागा विकल्या जातात तेव्हा पहिला जेसीबी गडग्यावरच चालतो. हे मला तिथे फार लागलं.

कोर्निल्याला स्टेशन खाली आणि गाव वर, मध्ये ३८२ पायऱ्या. गुडघे दुखत असतील तर छोटी बस आहे, तिची वाट बघा. मानारोला-रिओमाज्जोरेमधली प्रेमवाट २०१२ साली दरड कोसळल्यावर बंद होती, २०२४ मध्ये उघडली. आधी वेळ ठरवून जावं लागतं. मोन्तेरोस्सोची खारवलेली अँचोव्ही जरूर घ्या. आपल्या मांदेलीच्या घराण्यातला मासा, मिठाचा एक थर आणि माशांचा एक थर असा बरणीत दाबून मुरवलेला. वर फक्त लिंबू आणि तेल.

आणि मुख्य गोष्ट. तिथे सकाळी अकराच्या सुमारास गर्दी येते, मोठ्या बोटींतून, बसमधून. गल्लीत पाय ठेवायला जागा राहत नाही. दुपार कलली की सगळे परत. संध्याकाळी बंदरावर बायका खुर्च्या काढून बसतात, मुलं फरशीवर चेंडू खेळतात, कोणी जाळं शिवतो. हे बघायला तिथे मुक्काम लागतो. आमच्याकडे येणारी माणसं तारकर्ली, किल्ला, स्नॉर्केलिंग, सुरमई थाळी करून संध्याकाळी गोव्याला निघतात. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना त्यांनी कधी बघितलेली नसते. किनारा बघायचा तर एका गावात तळ ठोका आणि पायी फिरा, तिथे पासाचा काही उपयोग नाही, हे मला मालवणात राहूनही लेवांतोला कळलं.

एक व्यवहाराची गोष्ट: इटलीत रेल्वेचा संप अधूनमधून असतो आणि तो आधी जाहीर होतो. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत ठरावीक लोकल गाड्या धावतातच. आमच्या घरमालकिणीने आदल्या रात्री दार वाजवून सांगितलं म्हणून निभावलं.

दुसरा वाया दिवस लेवांतो ते व्हेनिसचा. फ्लॉरेन्सहून वेगवान गाडी घेतली, पासावर आरक्षणाचे पैसे वेगळे भरले. महिनाभर आधी साधं तिकीट काढलं असतं तर स्वस्तात गेलो असतो. व्हेनिसला तीन रात्री. रियाल्तोचा मासळीबाजार रविवार-सोमवार बंद असतो, आम्ही मंगळवारी सकाळी गेलो. माकुल, कोळंबी, चिखलातले छोटे खेकडे, सगळं बर्फावर चोख मांडलेलं. तिथे भिंतीवर एक जुनी संगमरवरी पाटी आहे: कुठला मासा किमान किती लांबीचा असेल तरच विकायचा. सार्डिन ७ सेंटिमीटर, कालवं ५. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी असा नियम केला. पाटी मात्र अजून आमच्या जेटीवर नाही, ती व्हावी असं मला मनापासून वाटतं. मी त्या पाटीचा फोटो काढून आमच्या मच्छीमार मंडळींना पाठवला आहे.

आता जे तीन दिवस वसूल झाले ते. व्हेनिसहून व्हेरोना, तिथून ब्रेनर खिंडीतून म्युनिक. सकाळी समुद्र आणि दुपारी १,३७० मीटरवर गार वारा. हे सबंध वेळ खिडकीला होते. दुसऱ्या दिवशी म्युनिक ते हॅम्बर्ग, सुमारे सहा तास, आरक्षण नाही. शेवटचा दिवस हॅम्बर्ग ते थेट फ्रँकफर्टच्या विमानतळाचं स्टेशन. हे तीन प्रवास ऐनवेळी तिकीट काढून केले असते तर पासाचे सगळे पैसे त्यातच गेले असते. शिवाय एक गाडी चुकली तर पुढची पकडता येते, हे साठीच्या माणसांना फार मोठं आहे.

हॅम्बर्गचा मासळीबाजार १७०३ पासूनचा, दर रविवारी, उन्हाळ्यात पहाटे पाचला सुरू होतो आणि साडेनऊला संपतो. नदीकाठी १८९६ ची लिलावाची इमारत अजून उभी आहे. हेरिंग मासा कच्चाच मुरवलेला, पावात, वर कांदा. मला आवडला, यांना नाही. तिथली राहायची जागा मात्र मनाला लागली. दाराला आकड्यांची पेटी, पेटीत किल्ली, आणि तीन दिवसांत एक माणूस दिसला नाही. गरम पाणी येईना तर विचारायचं कोणाला? संदेशाला उत्तर आलं ते निघायच्या दिवशी. नाझरेच्या आजीला मी याच्या निम्मे पैसे दिले होते.

तेव्हा पासाला पाचपैकी साडेतीन. देशामागून देश ओलांडायचे असतील, ऐनवेळी बेत बदलायची मुभा हवी असेल, आणि जर्मनी वाटेत असेल तर घ्या. पुन्हा गेलो तर मी चार दिवसांचा घेईन, किनाऱ्यावर सुटी तिकिटं काढेन, वेगवान इटालियन गाडीचं तिकीट आधीच घेईन. आणि नाझरेला एक रात्र नाही, चार राहीन.

ऑक्टोबरात पाऊस ओसरला तेव्हा आमच्या सुताराकडून तशाच दोन चौकटी करून घेतल्या, उंची माझ्या कमरेएवढी. जुनं जाळं ताणलं. पहिल्या खेपेला चाळीस बांगडे घातले. तीन दिवसांत कडकडीत वाळले, एकालाही वाळू लागली नाही.